स्वस्त सिंगल बोर्ड कॉम्प्युटर कोणता घ्यावा? इंदूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबागेतल्या आमच्या घरी रविवारी सकाळी कुणी ना कुणी हातात बोर्ड घेऊन येतंच. कधी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा, कधी निवृत्त झालेले गृहस्थ, कधी नववीतली मुलगी आणि सोबत तिचे बाबा. पोह्यांच्या बशा रिकाम्या होईपर्यंत गप्पा चालतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच निघतात: कोणता घेऊ, एकूण किती लागतील, हा स्वस्तातला चालेल का. तीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्सच्या दुरुस्तीत गेली आणि गेली दहा-बारा वर्षं हे बोर्ड हाताळतोय, त्यातून जे पटलं ते इथे लिहून ठेवतो. चुकीचा बोर्ड घेतला आणि तो कपाटात पडून राहिला, असं कुणी सांगितलं की मला खरोखर वाईट वाटतं. बहुतेक वेळा ते पैसे एखाद्या पोराने महिनोन्‌महिने साठवलेले असतात.

सिंगल बोर्ड कॉम्प्युटर म्हणजे काय? आर्डुइनो आणि ईएसपी३२ त्यातच येतात का?

नाही येत, आणि बहुतेक घोळ इथूनच सुरू होतो. प्रोसेसर, रॅम, यूएसबी, स्क्रीन जोडायची जागा असं सगळं एकाच बोर्डावर बसवलेला पूर्ण कॉम्प्युटर म्हणजे सिंगल बोर्ड कॉम्प्युटर. त्यावर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम (ओएस) चालते, फाइली असतात, एकाच वेळी दहा प्रोग्रॅम चालतात. रॅस्पबेरी पाय हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. पहिला पाय २९ फेब्रुवारी २०१२ ला विक्रीला आला, ३५ डॉलरला, २५६ एमबी रॅम घेऊन.

आर्डुइनो उनो, ईएसपी३२, रॅस्पबेरी पाय पिको हे मायक्रोकंट्रोलर बोर्ड. त्यांच्यात लिनक्स नसतं. तुम्ही लिहिलेला एक प्रोग्रॅम वीज मिळताच सुरू होतो आणि वीज जाईपर्यंत तोच चालत राहतो. नेहमीच्या उनो आर३ मध्ये रॅम फक्त २ केबी असते, पिकोमध्ये २६४ केबी. पिकोच्या नावातही ‘पाय’ असल्यामुळे लोक फसतात. मोठ्या पायवरचा प्रोग्रॅम पिकोवर चालेल असं समजून घेऊन येतात आणि मग हिरमुसतात.

मग मला यातलं नेमकं काय लागेल?

आधी काम एका वाक्यात सांगून बघा. ‘अमुक झालं की तमुक कर’ इतक्यात ते संपत असेल, तर मायक्रोकंट्रोलर पुरेसा आहे. कुंडीतली माती सुकली की पंप चालू कर, दार उघडलं की दिवा लाव, तापमान वाढलं की पंखा फिरव. ईएसपी३२ चारएकशे रुपयांच्या आसपास मिळतो, त्यात वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही आहेत, आणि लाइट गेली-आली तरी एक-दोन सेकंदांत परत कामाला लागतो.

मोठ्या पडद्यावर काही दाखवायचंय, कॅमेऱ्याचं चित्र समजून घ्यायचंय, घरातल्या चार जणांना मोबाइलवर पाहायला जुन्या नोंदी ठेवायच्यात, देवनागरी अक्षरं नीट उमटवायचीत, तर मात्र लिनक्सवाला बोर्ड घ्या. माझ्याकडे पाय मागायला आलेल्या बहुतेकांना मी ईएसपी३२ सांगून परत पाठवतो. त्यांचे हजार-दीड हजार वाचतात आणि काम लवकर उभं राहतं.

आम्हाला नर्मदेचा नळ आला की कळायला हवं. त्यासाठी पाय घेऊ का?

हा प्रश्न इंदुरात घरोघरी आहे. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटरचा चढ चढून पाणी येतं आणि आमच्यासारख्या कितीतरी मोहल्ल्यांत ते एक दिवसाआड सुटतं. पहाटे नळ आला आणि डोळा लागला, की पुढचे दोन दिवस बादल्या मोजत बसायचं.

याला पाय नको. मी आधी नळाच्या पाइपात फिरत्या चक्रीचा फ्लो सेन्सर बसवला होता. पहिल्याच पहाटे बजर वाजला, आम्ही सगळे धावलो, तर नळातून नुसता फुस्स आवाज. पाण्याच्या आधी पाइपातली हवा बाहेर पडते आणि ती हवासुद्धा चक्री फिरवते. तीन दिवस खोट्या हाका ऐकल्यावर सेन्सर काढला आणि हौदात, नळाच्या तोंडाखाली एका छोट्या डब्यात, फ्लोट स्विच लावला. डब्याला तळाशी बारीक भोक आहे. धार सुरू झाली की डबा भरतो, फ्लोट उचलला जातो. धार थांबली की डबा आपोआप रिकामा. हवेने फ्लोट उचलला जात नाही.

आवाजासाठी डीएफ प्लेअर मिनी नावाचं छोटं मॉड्यूल आहे. त्यात मेमरी कार्ड घालायचं, कार्डावर एमपी३ फाइल ठेवायची. त्यात मी आईचा आवाज भरला आहे: ‘उठा रे, नळ आला!’ बजर ऐकून कुणी उठत नसे, या आवाजाला सगळे उठतात. ईएसपी३२, फ्लोट स्विच, प्लेअर, स्पीकर, जुन्या मोबाइलचा चार्जर आणि प्लॅस्टिकचा डबा, सगळं मिळून हजार रुपयांच्या आत बसलं.

गच्चीवरच्या टंकीत पाणी किती आहे हेही बघायचं असेल तर आवाजाच्या लहरी सोडून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर लावता येतो. दोन गोष्टी मात्र सांभाळा. टंकीत सतत दमटपणा असतो, म्हणून उघड्या डोळ्यांचा एचसी-एसआर०४ लवकर गंजतो. पाण्यापासून बंद असलेला जेएसएन-एसआर०४टी घ्या. तो वीस-पंचवीस सेंटिमीटरपेक्षा जवळचं नीट मोजत नाही, तेव्हा टंकीच्या वरच्या काठापासून तेवढा उंच बसवा. दुसरं म्हणजे उन्हाळा. आवाजाचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो, ४० अंशांना सुमारे ३५५. प्रोग्रॅममध्ये ३४३ धरला असेल तर मे महिन्यात मीटरभर अंतरात तीन-साडेतीन सेंटिमीटरची चूक येईल. पाण्याचा अंदाज घ्यायला ती चालते, पण पातळी रोज दुपारी का बदलते म्हणून डोकं खाजवू नका.

वाड्यातल्या सहा बिऱ्हाडांना कुठल्या दिवशी नळ किती वाजता आला याचा वर्षभराचा आलेख हवा असेल, तेव्हा पाय घ्या. सेन्सरजवळ तेव्हाही ईएसपी३२ च राहू द्या. पाय घरात बसून त्याच्याकडून माहिती घेईल.

सगळ्यात स्वस्त पाय कोणता, आणि खरा खर्च किती येतो?

लिनक्ससह आणि भरवशाचा म्हणाल तर पाय झीरो २ डब्ल्यू. ऑक्टोबर २०२१ मध्ये १५ डॉलरला आला. चार कोअरचा १ गिगाहर्ट्‌झ प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, वायफाय. च्युइंगम च्या पाकिटाएवढा आकार. आपल्याकडे कर आणि दुकानदाराचा नफा धरून तो दीड-दोन हजारांच्या घरात पडतो.

पण दुकानातून नुसता बोर्ड आणलात तर संध्याकाळी घरी नुसताच बघत बसाल. ५ व्होल्ट अडीच अँपिअरचा मायक्रो यूएसबी अडॅप्टर लागतो. मेमरी कार्ड लागतं. टीव्हीला जोडायचा तर त्याची सॉकेट मिनी एचडीएमआय आहे, म्हणजे वेगळा कनेक्टर. कीबोर्डसाठी मायक्रो यूएसबीची ओटीजी केबल. साध्या आवृत्तीवर पिना बसवलेल्या नसतात, चाळीस टाके स्वतः घालावे लागतात. डाग द्यायची सवय नसेल तर पिना लावून मिळणारी, नावात ‘एच’ असलेली आवृत्ती घ्या. हे सगळं जोडलं की खर्च बोर्डाच्या जवळपास दुप्पट होतो. यादी आधी कागदावर लिहा, मगच पैसे द्या.

यातला काही खर्च टाळता येतो. रॅस्पबेरी पाय इमेजर या मोफत प्रोग्रॅमने कार्ड तयार करतानाच वायफायचं नाव, पासवर्ड आणि दुरून लॉगिन करायची परवानगी भरता येते. मग स्क्रीन, कीबोर्ड, कनेक्टर काहीच नको. दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सरळ आत शिरा. एक अडचण फार जणांना येते: झीरो २ डब्ल्यूला फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचं वायफाय दिसतं. राउटरवर ५ गिगाहर्ट्‌झचं वेगळं नाव ठेवलं असेल आणि तेच भरलं असेल, तर बोर्ड कधीच जोडला जाणार नाही.

रॅम किती घ्यावी?

रॅम बोर्डावर कायमची जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही, म्हणून हा प्रश्न आधीच सोडवा. पडद्याशिवाय एखादंच काम करायचं असेल तर ५१२ एमबी पुरते. ब्राउझर उघडायचा असेल तर ५१२ मध्ये जीव मेटाकुटीला येतो. होम असिस्टंटसारखी घर सांभाळणारी प्रणाली बसवायची तर २ जीबी. अभ्यासासाठी कॉम्प्युटर म्हणून वापरायचा तर ४ जीबी. ८ आणि १६ जीबी कशाला हवी याचं उत्तर तुमच्याकडे तयार नसेल, तर ती तुम्हाला नको आहे. २०२५ च्या अखेरीस जगभर मेमरी चिप महागल्या आणि पायच्या किमतीही चढल्या, त्यामुळे जास्तीची रॅम आता चांगलीच महाग पडते. त्याच सुमारास पाय ५ ची १ जीबीची आवृत्ती ४५ डॉलरला निघाली.

पाय ४ की पाय ५?

घरच्या बहुतेक कामांना पाय ४, २ जीबी. पाय ५ खूप वेगवान आहे, पण त्याला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा खास अडॅप्टर हवा, पंखा हवा, आणि त्यावर हेडफोनची सॉकेट नाही. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवायची सोय पाय ५ मध्ये आहे, बॅटरी वेगळी घ्यावी लागते. एनव्हीएमई एसएसडी ही वेगवान डिस्क जोडायचीच असेल तर ५ घ्या.

त्याच किमतीत ऑरेंज पाय, बनाना पाय, रॅडक्सा जास्त रॅम देतात. ते का घेऊ नयेत?

घ्या, पण कशावर पैसे घालताय ते समजून घ्या. ऑरेंज पाय झीरो २डब्ल्यू दिसायला आपल्या झीरोसारखाच, आणि १ जीबीपासून ४ जीबीपर्यंत रॅम मिळते. कागदावर तो सरस आहे. चिपही चांगली आहे.

कागदावर न दिसणारी गोष्ट म्हणजे सॉफ्टवेअर. २०१२ चा तो पहिला पाय माझ्याकडे अजून आहे, आणि आजची ३२ बिट रॅस्पबेरी पाय ओएस त्यावर अजून चालते. हळू चालते, पण चालते, आणि सुरक्षेचे अपडेट मिळतात. स्वस्त बोर्ड बनवणारे पुष्कळ कारखाने एकदा ओएसची इमेज काढतात आणि पुढच्या बोर्डाकडे वळतात. दोन वर्षांनी एखादा प्रोग्रॅम नवा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मागतो आणि तुम्ही अडकता. माझ्याकडे असाच एक बोर्ड आहे. त्याचा वायफाय ड्रायव्हर फक्त कारखान्याच्या जुन्या कर्नलवर चालतो, म्हणून नवी ओएस टाकली की वायफाय बंद. चार रविवार त्यात घातले आणि शेवटी लॅनची वायर लावून तो कोपऱ्यात बसवला.

पर्यायी बोर्ड घ्यायच्या आधी आर्मबियनच्या, म्हणजे अशा बोर्डांसाठी लिनक्स तयार करणाऱ्या प्रकल्पाच्या, यादीत त्याचं नाव आहे का, आणि त्याला आजही चांगला पाठिंबा आहे का, एवढं तपासा. पिनांच्या जागा पायसारख्या चाळीस असल्या तरी आतले क्रमांक वेगळे असतात. यूट्यूबवरचा पायचा धडा जसाच्या तसा चालत नाही. लिनक्स येत असेल, चुका वाचून सोडवायची चिकाटी असेल तर हे बोर्ड पैशाला खरंच वसूल आहेत. पहिलाच बोर्ड असेल तर माझा आग्रह पायचाच.

पायमध्येही जुने धडे अडतात, हे सांगायला हवं. पाय ५ मध्ये पिना सांभाळायला आरपी१ नावाची वेगळी चिप आली, त्यामुळे पिना चालवणारी आरपीआय-जीपीआयओ ही जुनी लायब्ररी (तयार कोडचा संच) त्यावर चालत नाही. जीपीआयओ-झीरो वापरा, ती सगळ्या पायांवर चालते.

माझा बोर्ड अधूनमधून आपोआप बंद पडतो. खराब निघाला का?

आधी अडॅप्टर बघा, नंतर अडॅप्टर बघा, आणि मग केबल बघा.

एक मुलगा रडवेला होऊन आला होता. पाय ४, तीनदा ओएस टाकून झालेली, यूएसबीला पेनड्राइव्ह लावला की बोर्ड गपकन बंद. पडद्याच्या कोपऱ्यात विजेची पिवळी खूण चमकून जायची, त्याला वाटलं ती शोभेची आहे. मी मल्टिमीटरची टोकं बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेवर आणि ग्राउंडवर (वजा टोकावर) धरली. रिकामा असताना ४.८. पेनड्राइव्ह लावला, आकडा घसरत ४.६ वर आला आणि पडद्यावर ती खूण उमटली. पाय ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की वीज कमी पडतेय म्हणून ती खूण दाखवतो. अडॅप्टर मोबाइलचा होता, त्यावर ३ अँपिअर छापलेलंही होतं, पण केबल दोन मीटरची आणि आतली तार केसासारखी बारीक. माझी आखूड जाड केबल लावली, आकडा ५ च्या वर गेला. त्यानंतर तो बोर्ड बंद पडलेला नाही.

पाय ४ ला ५.१ व्होल्ट ३ अँपिअर लागतात. बोर्डावर एवढे पैसे घालून अडॅप्टर शंभर रुपयांचा घेऊ नका.

लाइट गेली की कार्ड खराब होतं म्हणतात, खरं का?

खरं आहे. कार्डावर लिहीत असतानाच वीज गेली तर फाइलींचा हिशेब अर्धवट राहतो, आणि पुढच्या वेळी बोर्ड सुरूच होत नाही. पावसाळ्यात लाइट जाते-येते तेव्हा हा प्रकार जास्त.

ए१ लिहिलेलं ३२ जीबीचं नावाजलेलं कार्ड घ्या. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वेळा सुटं वाचन आणि ५०० वेळा सुटं लेखन, आणि ओएसला नेमकं हेच लागतं. मोठे आकडे छापलेली बनावट कार्डं बाजारात पुष्कळ आहेत. एका दुकानातून मी ६४ जीबीचं घेतलं होतं; त्यात खरी जागा ८ जीबी निघाली, आणि तेवढी भरली की पुढचं सगळं गायब. कार्ड आणल्या आणल्या ते पूर्ण भरून परत वाचून पाहा. एफ३ नावाचा मोफत प्रोग्रॅम हे काम करतो.

नोंदी ठेवायच्या नसतील तर रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंगच्या प्रोग्रॅममध्ये ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. मग कार्डावर काहीच लिहिलं जात नाही, वीज केव्हाही गेली तरी चालतं. नोंदी ठेवायच्या असतील तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावा, पण तो तुमच्या बोर्डाचे व्होल्ट आणि अँपिअर देतो का ते बघून.

उन्हाळ्यात गच्चीवर ठेवला तर चालेल का?

सावलीत, हवा खेळेल अशा डब्यात ठेवा. पाय ४ ची चिप ८० अंशांना पोचली की स्वतःचा वेग कमी करू लागते. बाहेर ४२-४३ अंश असताना पत्र्याच्या शेडखाली बंद डब्यात ती तिथवर सहज जाते. ईएसपी३२ ला हा त्रास फार कमी.

छोट्या स्क्रीनवर मराठी दाखवता येईल का?

हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण इथे खरोखर लिनक्सवाला बोर्ड लागतो.

ईएसपी३२ किंवा आर्डुइनोच्या लायब्ररी एकेक अक्षर ओळीने मांडत जातात. इंग्रजीला ते चालतं. मराठीत ‘कि’ लिहिताना वेलांटी उच्चारात नंतर असूनही क च्या आधी काढावी लागते, ‘र्म’चा रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो, ‘क्ष’ आणि ‘त्र’चं रूपच बदलतं. ही मांडणी करणारं यंत्र त्या छोट्या लायब्ररींमध्ये नसतं. ‘नर्मदा’ लिहायला जावं तर र वेगळा, हलन्त वेगळा, म वेगळा असं विस्कटलेलं काहीतरी दिसतं. आमच्या गल्लीच्या सूचना फलकावर मी हे स्वतः पाहिलंय, आणि आपल्या नावाची अशी मोडतोड बघवत नाही.

पायवर हार्फबझ नावाची लायब्ररी ही जुळणी बिनचूक करते. ब्राउझर उघडून नोटो सान्स देवनागरी फॉन्ट वापरला की अक्षरं छापील पुस्तकासारखी येतात. पायथनमधून चित्र काढत असाल तर पिलो या चित्रांच्या लायब्ररीसोबत राक्म ही लायब्ररी असायला हवी, नाहीतर पायवरही तीच मोडतोड होते. स्वस्तात करायचं असेल आणि वाक्यं ठरलेली असतील, तर ती कॉम्प्युटरवर चित्रं म्हणून तयार करा आणि ईएसपी३२ मध्ये भरा. ‘नळ आला’, ‘टंकी भरली’, ‘मोटर बंद’, इतकी तीन चित्रं असली तरी घराचं काम भागतं.

घरच्या गणपतीसाठी हलता देखावा करायचाय. काय घेऊ?

अनंत चतुर्दशीच्या झांक्या बघत वाढलेल्या प्रत्येक इंदुरी पोराला हे करावंसं वाटतं. उंदीर मान हलवतो, कारंजं उडतं, दिवे आळीपाळीने लागतात: हे सगळं पिको किंवा आर्डुइनोचं काम. ठरावीक कोनात फिरणाऱ्या सर्वो मोटरला अगदी वेळेवर ठोके लागतात, आणि लिनक्स मध्येच दुसऱ्या कामात गुंतलं की मान थरथरते. मोटरींची वीज बोर्डातून घेऊ नका, वेगळा ५ व्होल्टचा अडॅप्टर द्या आणि दोघांचा ग्राउंड एकत्र जोडा. ग्राउंड जोडायचं विसरल्यामुळे चतुर्थीच्या आदल्या रात्री जागलेली कितीतरी घरं मी पाहिली आहेत.

सेन्सर लावला आणि पाय गेला. असं का झालं?

पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्ट सरळ दिले की पिन किंवा सगळी चिप जाते. एचसी-एसआर०४ ची इको पिन ५ व्होल्ट देते. मध्ये १ किलो-ओहम आणि २ किलो-ओहमचे रेझिस्टर लावून ते सुमारे ३.३ वर आणा. पायला ॲनालॉग इनपुटही, म्हणजे कमी-जास्त होणारे व्होल्ट मोजणारी पिन, नाही, त्यासाठी एमसीपी३००८ किंवा एडीएस१११५ चिप लागते. पिको आणि ईएसपी३२ मध्ये ते आतच आहे, मात्र वायफाय चालू असताना ईएसपी३२ च्या एडीसी२ या ॲनालॉग गटाच्या पिना वाचता येत नाहीत.

आणि पाण्याची मोटर. निळ्या रिले मॉड्यूलवर (बोर्डाच्या इशाऱ्याने चालणाऱ्या स्विचवर) १० अँपिअर लिहिलेलं असतं म्हणून त्यावर एक एचपीची मोटर लावू नका. मोटर सुरू होताना चालू असतानाच्या कित्येक पट करंट ओढते, रिलेचे संपर्क वितळून चिकटतात, आणि तुम्ही बंद केली तरी मोटर चालूच राहते. महाराणी रोडवरून कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा जड करंट झेलणारा मोठा स्विच, आणा, रिलेने कॉन्टॅक्टर चालवा, आणि २३० व्होल्टचं जोडकाम इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. यात मी कुणालाच सूट देत नाही.

इंदुरात घेऊ की ऑनलाइन मागवू?

सुटे भाग, तारा, अडॅप्टर, डबे जेल रोडला आणि नॉव्हेल्टी मार्केटात हात लावून घ्या. अडॅप्टर तिथेच मल्टिमीटरने तपासता येतो. कॉम्प्युटरचं सामान सिल्व्हर मॉलमध्ये बघा. पाय मात्र पुण्या-मुंबईच्या ऑनलाइन दुकानांतून बहुधा स्वस्त पडतो. वापरलेला पाय घ्यायला हरकत नाही. फक्त समोर सुरू करून, सगळ्या यूएसबी आणि वायफाय चालतंय ते बघून घ्या.

फोटो आणि गाणी ठेवायला घरचा सर्व्हर हवाय. कोणता बोर्ड?

कपाटातला जुना लॅपटॉप. पडदा फुटलेला असला तरी चालेल. त्यात डिस्क आहे, कीबोर्ड आहे, आणि बॅटरी अजून धड असेल तर यूपीएस सुद्धा आहे. वीज मात्र तो जास्त खातो: पाय ५ रिकामा असताना साधारण ३ वॅट घेतो, म्हणजे महिन्याला दोन-सव्वादोन युनिट; लॅपटॉप १५ वॅटचा धरला तर महिन्याला जवळपास ११ युनिट. तरीसुद्धा नवा बोर्ड, डिस्क आणि डबा घेण्याच्या खर्चाशी तुलना करून बघा.

कॅमेऱ्याने माणूस ओळखायचाय. झीरो चालेल?

हालचाल टिपायला चालेल, माणूस ओळखायला कमी पडेल. पाय ४ किंवा ५ घ्या. कॅमेऱ्याची पट्टीही बघून घ्या: झीरो आणि पाय ५ ला २२ तारांची बारीक पट्टी लागते, पाय ३ आणि ४ ला १५ तारांची रुंद.

मुलगी नववीत आहे, तिला पहिला बोर्ड कोणता देऊ?

पिको डब्ल्यू (वायफायवाला पिको), एक ब्रेडबोर्ड (डाग न देता तारा खोचायची पाटी), दहा एलईडी, ३३० ओहमचे रेझिस्टर आणि दोन बटणं. मायक्रोपायथन (छोट्या बोर्डांसाठीचं पायथन) घातलं की पहिल्या तासात दिवा लुकलुकतो, आणि एखादी पिन गेली तरी काही शेकड्यांचं नुकसान. महागडा बोर्ड दिला की आई-बाबा ‘हात लावू नकोस’ म्हणतात. तिने हात लावायलाच हवा. पुढे ती स्वतःच सांगेल की आता पाय हवा, आणि तो कशाला हवा हेही सांगेल.

बोर्ड मेलाय असं वाटतं. फेकायच्या आधी काय तपासू?

दुसरा अडॅप्टर, दुसरी केबल, नव्याने ओएस टाकलेलं दुसरं कार्ड, याच क्रमाने. पाय ४ कार्ड काढून टीव्हीला लावा. बूटलोडरची (बोर्ड सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची) माहिती पडद्यावर आली तर बोर्ड ठीक आहे. झीरो २ डब्ल्यूला कार्ड नसेल तर दिवासुद्धा लागत नाही, त्यावरून तो मेला असं धरू नका. कार्ड काढा, वीज देण्याच्या नव्हे तर ‘यूएसबी’ लिहिलेल्या सॉकेटमधून डेटा केबलने तो कॉम्प्युटरला जोडा. यूएसबी उपकरणांच्या यादीत ‘बीसीएम२७१० बूट’ असं नाव दिसलं, तर चिप जिवंत आहे आणि दोष बहुधा कार्डात आहे. केबल मात्र नुसती चार्जिंगची नको, आत डेटाच्या तारा असलेली हवी. तशी एक माझ्या टेबलाच्या खिळ्याला कायम टांगलेली असते; रविवारी येताना केबल विसरलात तरी चालेल, बोर्ड तेवढा आणा.